सर्व्हर डाऊन कुणामुळे? म्हणे तुमच्यामुळे!

सरकारी साइट बंद पडली की जो खुलासा येतो, तो एव्हाना आपल्या सगळ्यांना पाठ झालाय. एकाच वेळी खूप जणांनी साइट उघडली, त्यामुळे ताण आला, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. सेवा केंद्रावर याचं होतं "आज लोड आहे, उद्या या". रेशन दुकानात होतं "सर्व्हर नाही". शब्द वेगळे, मतलब एकच: तुम्ही जास्त आलात.

म्हणजे बघा मंडळी, योजना तुमच्यासाठी. अर्ज तुम्हीच करायचा, ऑनलाइनच करायचा, मुदतीतच करायचा. आणि तुम्ही आलात की म्हणायचं, अरे बापरे, इतके जण आले कसे काय!

मी इंटरनेट कनेक्शन देण्याचा धंदा करतो हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. अशा दिवशी पहिल्या शिव्या मलाच बसतात. "भाऊ, तुमचं नेट बंद आहे का?" मग मी त्यांच्याच मोबाइलवर यूट्यूब लावून दाखवतो. गाणं झकास चालतं, फक्त सरकारचा फॉर्म तेवढा चालत नाही. दरवेळी दुकानात उभं राहून समजावण्यापेक्षा आज एकदाच मुळापासून लिहितो. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरकारच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. माणसं वाढली की नेटवर्क मंदावतं. यात खोटं काही नाही. वायर असो, टॉवर असो की सर्व्हर, सगळ्यांत एकच गोष्ट अनेकांत वाटली जाते. पण ते मंदावतं कसं, हे कुणी सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

एसटी स्टँडवरची पासची खिडकी डोळ्यांसमोर आणा. आत एक कारकून. तो तासाला सरासरी 60 जणांचं काम उरकतो, म्हणजे माणशी एक मिनिट. तासाला 30 जण येत असतील तर रांगेचा वेळ धरून सरासरी 2 मिनिटांत माणूस मोकळा होतो. 48 जण यायला लागले की 5 मिनिटं. 54 झाले की 10. 57 झाले की 20. आणि 59 झाले की? एक तास.

परत वाचा. 57 चे 59 झाले. फक्त दोन माणसं वाढली आणि वीस मिनिटांचा तास झाला. कारकून तोच, त्याचा हातही तेवढाच चालतोय. माणसं घड्याळ लावून एकेक येत नाहीत, घोळक्याने येतात. कुणाचं काम अर्ध्या मिनिटात होतं, कुणाचं तीन मिनिटं खातं. म्हणून असं होतं. आणि 60 च्या वर गेलात तर रांग संपतच नाही, वाढतच जाते. हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने याचा पाया 1909 साली घातला. किती लोक फोन करतील, त्यावरून किती लाइनी टाकायच्या, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आज शंभरावर वर्षं झाली, आणि आमच्याकडे अजून "अचानक लोड आला".

अचानक काही येत नाही हो. यंत्रणा नव्वद टक्के भरलेली असताना "चालतंय की" म्हणून ज्याने दुर्लक्ष केलं, त्याच्याच अंगणात लोड येतो. "कालपर्यंत तर नीट चालत होती साइट" हे वाक्य म्हणूनच पोकळ आहे. 57 व्या माणसापर्यंत खिडकीसुद्धा चालतच होती.

माझ्या धंद्यातलं उघड सांगतो. मी 100 एमबीपीएसची 200 कनेक्शनं विकतो, तेव्हा वरून 20 हजार एमबीपीएस विकत घेत नाही. घेतलं तर दिवाळं निघेल. सगळेच असंच करतात, छोटे आणि मोठेही. कारण सगळे ग्राहक एकदम, पूर्ण वेगाने कधीच वापरत नाहीत. दुपारी तीनला शुकशुकाट, रात्री नऊला अख्खं गाव लाइनवर. माझं काम काय, तर रात्री नऊचा आलेख बघत राहायचं, आणि ती रेघ वर टेकायच्या आधी जास्तीची बँडविड्थ घ्यायची. आयपीएल सुरू व्हायच्या आधी घ्यायची, फायनल संपल्यावर नाही. "भाऊ, आज तुम्ही सगळेच मॅच बघताय म्हणून नेट अडकतंय" असं मी ग्राहकाला ऐकवलं, तर तो दुसऱ्या दिवशी माझा राऊटर माझ्याच काउंटरवर आपटून दुसऱ्याचं कनेक्शन घेईल. सरकारचं कनेक्शन असं बदलता येत नाही. तुमच्या तोंडावर लोडचं कारण फेकायची हिंमत तिथून येते.

आणि सरकारला हे जमत नाही असंही नाही, हेच तर दुखणं आहे. आषाढीला पंढरपूरला लाखोंनी माणसं जातात. एसटी महामंडळ त्यासाठी दरवर्षी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडतं. मोबाइल कंपन्या ट्रकवर बसवलेले फिरते टॉवर आणून उभे करतात. वारकरी फार आले म्हणून यंदा गाड्या बंद, असं कुणी म्हणाल्याचं ऐकलंय कधी? एकादशी कधी आहे ते पंचांगात छापलेलं असतं. अर्जाची शेवटची तारीख तर सरकार स्वतःच छापतं!

दहावीचा निकाल घ्या. दुपारी एकच्या ठोक्याला पोरं, त्यांचे आईबाप, मामा, क्लासवाले सगळे एकदम तुटून पडतात. म्हणून मंडळ निकाल एकाच साइटवर न ठेवता अनेक साइटवर आणि डिजिलॉकरवर देतं, ताण वाटला जातो. शहाणपणाचं काम आहे, कौतुक करतो. आता पुढचं बघा. 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यासाठी एकत्र ऑनलाइन केले. निकाल लागला 13 मे रोजी. नोंदणी सुरू होणार होती 21 मे रोजी. पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडलं आणि नोंदणी 26 मेवर ढकलावी लागली. मुलं तीच! मंडळाकडे प्रत्येकाचा बैठक क्रमांक आहे, आईचं नाव आहे, गुण आहेत. किती जण येणार हे आठ दिवस आधी एकेका डोक्यासकट माहीत होतं. याला "अनपेक्षित प्रतिसाद" म्हणायचं का?

इथे एक रास्त आक्षेप येतो, तोही घेतो. निकाल बघणं म्हणजे नुसतं वाचणं, आणि अर्ज भरणं म्हणजे लिहिणं. वाचायच्या गोष्टीच्या हव्या तेवढ्या प्रती काढून ठिकठिकाणी ठेवता येतात. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल हॉटस्टारवर एका क्षणी 5 कोटी 90 लाख लोक बघत होते, ते त्यामुळेच शक्य झालं. (आपण हरलो ती मॅच. जाऊ दे.) अर्जाचं तसं नाही. प्रत्येकाची माहिती वेगळी, ती शेवटी एकाच वहीत नीट उतरायला हवी. त्यामुळे क्रिकेटची तुलना इथे करणार नाही. तुलना करायची तर यूपीआयशी करू, कारण तिथेही प्रत्येक व्यवहार लिहावाच लागतो, आणि पैशाचा असतो.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी. सप्टेंबर 2025 मध्ये सांगितलं, दोन महिन्यांत, म्हणजे 18 नोव्हेंबरपर्यंत करा. बहिणी सुमारे 2 कोटी 40 लाख. ओटीपी येईना, पान उघडेना, बायका रात्री बाराला आणि पहाटे चारला उठून प्रयत्न करत होत्या. तेही त्या वर्षी, जेव्हा मराठवाड्यात पुराने घरात चिखल होता. शेवटी मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली.

आता कागद-पेन्सिल घ्या. 2 कोटी 40 लाख भागिले 61 दिवस, म्हणजे दिवसाला साधारण 4 लाख. दिवसाचे 12 तासच धरा. तासाला 33 हजार. सेकंदाला 9. हो, नऊ. लोक सारखे वाटून येत नाहीत हे मीच वर सांगितलंय, म्हणून दहापट गर्दी धरा: सेकंदाला 90. प्रत्येकीला स्वतःचा आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा असे दोन ओटीपी, म्हणून 180. पानं उघडणं, माहिती पाठवणं, सगळं मिळून आणखी पाचपट करा, 900 म्हणा. तिकडे यूपीआयवर ऑगस्ट 2025 या एका महिन्यात 2000 कोटींवर व्यवहार झाले. सेकंदाला सरासरी सात हजारांच्या पुढे, रात्रंदिवस, भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत. याच देशात, आपल्याच इंजिनिअरांनी उभं केलेलं काम आहे ते. तेव्हा "एवढे लोक आले तर कुणाचीही साइट पडेल" हे मला कुणी सांगू नये.

यावर उत्तर येईल की ओटीपी आधारच्या यंत्रणेतून येतो, तिथे अडलं तर राज्य सरकार काय करणार? अहो, गच्चीवर टाकी दहा हजार लिटरची बांधली आणि पाइप अर्ध्या इंचाचा टाकला, तर नळाला धार अर्ध्या इंचाचीच येणार. ज्याने घर बांधायचं कंत्राट घेतलं, त्याने पाइप मोजायचा नाही? सुरू करायच्या आधी खोटे दहा लाख अर्ज सोडून सगळी साखळी ताणून बघायची, याला लोड टेस्ट म्हणतात. ही चाचणी म्हणजे कंत्राटातली नेहमीची बाब आहे. केली असेल तर तिचा अहवाल कुठेतरी फायलीत असणारच. तो लोकांना का दाखवत नाहीत?

आता या सगळ्यात भर घालणारी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. साइट अडकली की आपण काय करतो? रिफ्रेश. पुन्हा रिफ्रेश. घरातले तीन मोबाइल काढून तिन्हीवर रिफ्रेश. म्हणजे माणूस एक, पण सर्व्हरच्या दारात तो वीस वेळा उभा. खुलाशात जो "लाखो हिट्स"चा आकडा अभिमानाने सांगतात, त्यात नवी माणसं किती आणि कंटाळून पुन्हा पुन्हा दाबणारी किती, हे कधी सांगत नाहीत.

हे दुष्टचक्र इंटरनेटइतकंच जुनं आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ, मध्ये अंतर 400 यार्ड, म्हणजे आपलं स्टँड ते बाजारपेठ, यांच्यातली लाइन सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आली. हजार नव्हे, नुसते चाळीस. वायर तुटली नव्हती. उत्तर येईना म्हणून प्रत्येक कॉम्प्युटर तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवत होता, आणि त्या पुन्हा पाठवण्यानेच वाट तुंबली होती. व्हॅन जेकबसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला तो वायर जाड करण्याचा नव्हता. कॉम्प्युटरला शिस्त लावली: सुरुवात हळू कर, वाट तुंबलेली दिसली की मागे सर. आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये त्याच विचाराची यंत्रणा चालते.

आपल्याकडेही 12 एप्रिल 2025 ला यूपीआय अडखळलं, तेव्हा कारण निघालं ते हेच. व्यवहार झाला का, झाला का, असं बँकांकडून पुन्हा पुन्हा विचारलं जात होतं आणि त्या विचारण्यानेच यंत्रणा गुदमरली. पण मग त्यांनी काय केलं? ग्राहक जास्त झाले म्हणून हात झटकले नाहीत. 1 ऑगस्टपासून नियम लावले: एका ॲपवर दिवसाला 50 वेळाच शिल्लक बघता येईल, आपोआप कापले जाणारे हप्ते गर्दीच्या वेळेत न कापता बाकीच्या वेळेत कापायचे. गर्दीला वाट काढून देणं म्हणतात ते याला. सरकारी पोर्टलवर हे का नाही? रेशन कार्डाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस वाटून द्या. साइट भरली असेल तर गोल चक्र फिरवत ठेवण्याऐवजी टोकन द्या: तुमचा नंबर 41,206, दुपारी साडेतीनला या. बँकेतल्या टोकन मशिनला हे कळतं.

आणखी एक. योजनेच्या पानावर पहिलं काय उघडतं? साहेबांचे फोटो. एक नाही, सरकते चार-पाच. समजा ते मिळून 2 एमबीचे आहेत. दहा लाख लोकांनी पान उघडलं की 20 लाख एमबी नुसते फोटो वाहून नेण्यात गेले, फॉर्मचं अक्षरही उमटायच्या आत. गावात एका टॉवरचा वेळ सगळ्यांत वाटलेला असतो. लांबच्या वस्तीवरच्या फोनला तेवढीच माहिती द्यायला टॉवरचा जास्त वेळ खर्च होतो. तिथल्या बाईने आधी साहेबांचं हसू उतरवून घ्यायचं, मग स्वतःचं नाव भरायचं.

"पण लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतातच का?" हा प्रश्न शहाण्या माणसांकडूनही येतो, म्हणून उत्तर देतो. एक तर अकरावीचं पोर्टल पहिल्या दिवशी पडलं, शेवटच्या नाही. दुसरं, ई-पीक पाहणीत शेतात पीक उभं दिसेपर्यंत फोटो काढणार कशाचा? तिसरं, ज्यांना तुम्ही शेवटच्या दिवशी रांगेत बघता, त्यातले कितीतरी आधी दोनदा हेलपाटा घालून "लोड आहे" ऐकून परत गेलेले असतात. आणि चौथं, थांबतात तर थांबतात! शिकलेसवरलेले, सीए ठेवणारे लोकही थांबतात. 31 जुलै 2024 या एका शेवटच्या दिवशी देशात जवळपास 70 लाख आयकर विवरणपत्रं भरली गेली, एकूण 7 कोटी 28 लाखांपैकी. माणूस असाच वागतो, हे माहीत असलेलं सत्य आहे. पूल बांधणारा इंजिनिअर "लोकांनी पावसाळ्यात नदी ओलांडू नये" असं म्हणत नाही.

उलट काही ठिकाणी सरकार स्वतःच गर्दी तयार करतं. महाडीबीटीवर शेतीच्या योजनांना आधी लॉटरी होती. लॉटरीत पहिल्या मिनिटाला अर्ज केला काय आणि विसाव्या दिवशी केला काय, संधी सारखी. ती बंद करून आता जो आधी अर्ज करेल त्याला प्राधान्य. लॉटरीबद्दल तक्रारी होत्या हे मान्य. पण आता सगळे पहिल्याच तासाला धावणार, साइट आचके देणार, आणि तेव्हा ज्याच्या घरी फायबर आहे, ज्याचा पोरगा पुण्याला लॅपटॉप घेऊन बसलाय, त्याचा अर्ज आधी जाणार. ठिबक कुणाला मिळावं हे आता नेटच्या वेगावर ठरणार. मी नेट विकतो, माझ्या धंद्याला हे बरंच आहे. तरीही सांगतो, हे बरोबर नाही.

कारण "लोड आहे, उद्या या" याची किंमत कुणी मोजली? मजुरीला जाणाऱ्या बाईचा एक दिवस बुडतो. वस्तीवरून यायचं वडापचं भाडं जातं, केंद्रावर पोरगं कडेवर घेऊन चार तास जातात. आणि हे दोनदा, तीनदा. सरकारच्या हिशेबात ही रक्कम कुठेच दिसत नाही, म्हणून त्यांना मोठे सर्व्हर महाग वाटतात.

आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरावीक सेवा ठरावीक दिवसांत दिली नाही तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. चांगला कायदा. पण दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज दाखल झाल्यापासून. साइटने अर्ज घेतलाच नाही तर घड्याळ सुरूच होत नाही! पूर्वी कारकून अर्ज घ्यायला नाही म्हणाला तर आपण आवक-जावकच्या टेबलापाशी भांडायचो, शिक्का मारून घ्यायचो. आता भांडणार कुणाशी, गोल फिरणाऱ्या चक्राशी?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. साइट जितके तास बंद किंवा रखडलेली, तितके दिवस मुदत आपोआप वाढली पाहिजे. मंत्र्यांनी ट्विट करून उपकार केल्यासारखी नव्हे. बंद असताना तहसील आणि ग्रामपंचायतीत कागदावर अर्ज घेऊन शिक्क्याची पोच दिली पाहिजे. आणि प्रत्येक पोर्टलच्या पानावर, साहेबांच्या फोटोच्या जागी, एक ओळ हवी: एका वेळी किती जणांसाठी बांधलंय, आत्ता किती आहेत.

ते आपण होऊन लिहिणार नाहीत, तर विचारू. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी पाच प्रश्न काढलेत. पोर्टल एका वेळी किती वापरकर्त्यांसाठी बांधण्याचं कंत्राटात लिहिलंय? सुरू करण्याआधी लोड टेस्ट केली का, केली असेल तर अहवालाची प्रत द्या. गेल्या सहा महिन्यांत पोर्टल किती तास बंद होतं, तारीखवार सांगा. त्याबद्दल कंत्राटदाराला किती दंड लावला? आणि त्या काळात अर्ज राहून गेलेल्यांसाठी काय केलं?

मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. विभागाचं आणि योजनेचं नाव बदलून जसाच्या तसा वापरा, माझं नाव घालायची गरज नाही. साइट अडकली की स्क्रीनशॉट काढताना वरचं घड्याळ आणि तारीख दिसेल असा काढा. येत्या सोमवारी बाजारच्या दिवशी 11 ते 2 मी दुकानातच आहे, ज्यांना अर्ज लिहायला मदत हवी त्यांनी या. प्रिंटचे पैसे घेणार नाही.